फटफटीला अख्ख्या वाडीचे हात

“मग तुमचा हात तुटला, की तो कुठं पुरायचा तेही नुरूभाईंनाच इचारू काय?”

हुस्नबानूचा आवाज माजघरातून पडवीत आणि पडवीतून खळ्यात उतरला. खळ्यात जमलेल्या माणसांनी तो ऐकला आणि ऐकला नाही असं दाखवलं. कुणी घसा खाकरला, कुणी वाळत घातलेल्या सुपारीतलं एक खांड उचलून उगाच बघितलं. जैनुद्दीन दारात उभा होता, एक पाय आत, एक बाहेर. जन्माची निम्मी वर्षं आगबोटीवर काढलेल्या या माणसाला घरात भांडताना कुठं उभं राहायचं असतं, हे अजून उमगलेलं नव्हतं.

“हळू बोल. सगळी आलीत.”

“आलीत ते दिसतंय मला. बोलावलं कुणी?”

“बोलावतंय कोण? मी फटफटीचा जॅक ओढत आणला पडवीतून. आवाज गेला असंल.”

“म्हंजे आता घरात लोखंड सरकवायचं न्हाय?”

“आता आलीत त्यांना काय सांगू? जा म्हणू?”

“व्हय. जा म्हणा. एक अक्षर हाय. आफ्रिकेपर्यंत जाऊन आलात, एक अक्षर येत न्हाय?”

तेवढ्यात माजघराच्या कोपऱ्यातून जैनुद्दीनची थोरली बहीण, सुगराबूबू, सुपारी कातरता कातरता बोलली, “बानू, दारात आलेले हात परत लावशील, तर परवा आपल्या मचव्याला कोण येईल? तू आणि मी ओढायचा?”

सुगराबूबू विधवा झाल्यापासून याच घरात होती आणि अडकित्त्याचा प्रत्येक आवाज आपल्या मताच्या बाजूने काढायची. बानू आत वळली. पटलं म्हणून नव्हे. चुलीवर चहाचं पाणी उतू चाललं होतं आणि ते बघणारं घरात दुसरं कुणी नव्हतं.

दिवेआगरच्या एका टोकाला मचवेवाल्या मुसलमान घरांची ती वाडी. मागे नारळी-पोफळी, पुढे सुरूची झाडं आणि त्यापलीकडे समुद्र. पावसाच्या तोंडावर मचवे पाण्याबाहेर ओढायचे, वर माडाच्या झापांचं छप्पर घालून बंद करायचे, याला शाकारणं म्हणत. मचवा एका घरच्या माणसांनी हलत नाही. त्यामुळे वाडीत एक रीत पडून गेली होती. जड काही हलवायचं असलं, की कुणी कुणाला बोलवायचं नाही आणि आलेल्याला परत धाडायचं नाही. आला त्याने हात लावायचा. हात लावायला जागा नसली तर पुढच्याच्या पाठीला लावायचा. आणि हाक द्यायची ती एकानेच, मचवेवाल्यांचा म्होरक्या नुरुद्दीन तांडेल, म्हणजे नुरूभाई, याने. त्याच्या बापानेही तीच दिली होती. “हैऽऽऽ ला!” अशी ती हाक निघाली, की वाडीतल्या कुठल्याही पुरुषाचा खांदा त्याच्या डोक्याला न विचारता पुढे जायचा. झोपेतला माणूससुद्धा कुशीवर वळायचा, असं त्यांच्या बायका सांगत.

मचव्यासाठी ही रीत चांगलीच होती. पण मचव्यासाठी.

हुस्नबानू राजपुरीची. तिच्या माहेरीही मचवा होता आणि हीच हाक होती. चौदाव्या वर्षी लग्न होऊन ती इथं आली, तेव्हा जैनुद्दीन आगबोटीच्या भट्टीत कोळसा ओढणारा आगवाला होता. तिच्या हाताची मेंदी उतरायच्या आत तो गेला आणि पुढच्या वर्षी आला. मग हेच सुरू राहिलं. वर्षातून एकदा यायचा, महिनाभर पाहुण्यासारखा राहायचा, मासळी चांगली झालीय म्हणून सांगायचा आणि जायचा. आगवाल्याचा तेलवाला झाला, यंत्रांना तेल घालायला लागला, आणि त्याच्या अंगाला कोळशाऐवजी तेलाचा वास यायला लागला, एवढाच बानूच्या संसारातला फरक. पोफळीची बाग तिने बघितली. पडवी तिने वाढवली. सासूचं दुखणं तिने काढलं, दोन मुली तिने उजवल्या. शेजारचा तुळशीराम भंडारी नारळ पाडायला आला, की झाडावरून विचारायचा, “भाबी, जैनूशेट हायत का बोटीवर?” आणि ती खालून म्हणायची, “हायत. तिथंच हायत. तुम्ही नारळ बघा.”

अशी वीस वर्षं गेल्यावर जैनुद्दीन कायमचा घरी आला. सन तेहतीसचा दिवाळीनंतरचा काळ. बानू सुरूच्या बनापर्यंत सामोरी गेली होती. नुरूभाईंचा मचवा मुंबईहून येताना दिसला, आणि मचव्यात तिच्या नवऱ्याच्या शेजारी डोलकाठीला बांधलेलं काहीतरी दिसलं. म्हशीएवढं, काळं, गोणपाटात गुंडाळलेलं.

“काय आणलंत?” तिने विचारलं.

“फटफटी,” जैनुद्दीन म्हणाला. त्याचा चेहरा असा फुलला होता, की मुली झाल्या तेव्हाही तो तसा फुलला असेल असं तिला वाटलं नाही. अर्थात मुली झाल्या तेव्हा तो होता कुठं?

ती साधी फटफटी नव्हती. मुलखातून मुलखात हिंडायला केलेली, लांब पल्ल्याची, एका साहेबाने तीन खंडांत फिरवलेली जुनी गाडी. वजन एवढं, की मचव्यातून वाळूवर आणि वाळूवरून खळ्यात आणताना अख्खी वाडी घामाघूम झाली. नुरूभाईंनी हाक दिली, सगळ्यांनी हात लावले, आणि तेव्हापासून ती फटफटी वाडीची झाली. नावाने जैनुद्दीनची. पण “आमी उचलून आणलीया” असं म्हणायचा हक्क लहानथोर सगळ्यांना मिळाला आणि कुणीही तो वाया जाऊ दिला नाही.

दिवेआगरचा किनारा ओहोटीला घट्ट होतो, पाऊल उमटत नाही. जैनुद्दीन तिथं गाडी चालवायचा. एका टोकाहून दुसऱ्या टोकाला जायचा आणि परत यायचा. कुठं पोचायचं होतं अशातला भाग नाही. एकदा, फक्त एकदा, भर उन्हात किनाऱ्यावर चिटपाखरू नसताना, बानू चादर घट्ट लपेटून त्याच्या मागे बसली होती. वाऱ्याने चादर फडफडत होती, तिने डोळे मिटून घेतले होते, आणि मग उघडले होते. हे तिने सुगराबूबूलाही सांगितलं नव्हतं. म्हणून तर तिला जास्त चीड यायची. फटफटी नुसती वाईट असती, तर तिला खाडीत लोटून द्या म्हणता आलं असतं.

खाऱ्या पाण्याने गाडीचं जे व्हायचं ते झालं. मागचं चाक उभं धरणारा तिचा लोखंडी पाय गंजून एके दिवशी मोडून पडला. साखळीत वाळू शिरली. आणि मागच्या चाकात शिंपल्याची कडा घुसून हवा गेली. चाक काढायचं तर गाडीचं मागचं अंग जमिनीवरून बोटभर तरी उचलून धरायला हवं. जैनुद्दीनकडे बोटीवरून आणलेला स्क्रूचा जॅक होता, दांडी घालून फिरवला की इंचइंच वर सरकणारा.

पहिल्या खेपेला नुरूभाई म्हणाले, “खालून मधोमध लाव. मचव्याला टेकू कुठं लावतात? कण्याला. सगळ्यात खाली जे असतं त्यावरच भार घ्यायचा असतो.” चार डोकी हलली. जैनुद्दीनही, यंत्रातला माणूस असून, वडीलधाऱ्याचा मान राखायचा म्हणून “व्हय” म्हणाला. पण फटफटीला खाली कणा नव्हता, इंजिनाचं पोट होतं. जॅक वर चढला, पोट तडकलं आणि काळं तेल बानूच्या सारवलेल्या खळ्यात पसरून वाळत घातलेल्या सुपारीत गेलं. त्या सुपारीचा वास आठवून अजून तिच्या कपाळाची शीर उडायची. पोट डाग देऊन आणायला गेलेला जैनुद्दीन मुंबईला जाऊन चांगला पंधरवडा राहिला.

दुसऱ्या खेपेला तो शहाणा झाला होता. गाडीच्या पोटाच्या दोन अंगांनी चौकटीच्या दोन जाड नळ्या जातात, भार त्या नळ्यांवर घ्यायचा, हे त्याने बोर्लीच्या लोहाराला समजावून जॅकच्या डोक्यावर आडवी लोखंडी पट्टी बसवून घेतली. पट्टीच्या दोन टोकांना दोन खाचा. एकेका खाचेत एकेक नळी. जॅकखाली फणसाची फळी, म्हणजे तो जमिनीत रुतू नये. सगळं नीट झालं. चाक वर आलं. आणि नेमकं तेव्हा नुरूभाईंनी हाक दिली. हात पुढे आले, गाडी खाचेतून निसटली आणि आडवी झाली ती भात कांडायच्या दगडी उखळावर. उखळ तिथं होतं म्हणून जैनुद्दीनचा पंजा उखळ आणि गाडीच्या मधल्या पोकळीत राहिला. नाहीतर बोटं उरली नसती. चहा पिताना सगळे म्हणाले, “अल्लाची मेहेरबानी.” बानूचं म्हणणं, मेहेरबानी उखळाची.

आणि आज ही तिसरी खेप.

चहाचं पातेलं उतरवून ती दाराशी आली. पस्तिशीला आली तरी परपुरुषांसमोर ती खळ्यात उतरत नसे. दाराच्या चौकटीला टेकून पदर कपाळावर ओढून उभी राहायची आणि तिथून सगळं बघायची, सगळं बोलायची.

आज जैनुद्दीनने तिच्याच सांगण्यावरून गाडी पडवीच्या तुळईखाली घेतली होती. सकाळी अंधारात उठून तिने त्याच्याकडून दोन सुंभाचे दोर गाडीच्या दोन्ही अंगांना बांधून तुळईवरून ओढून घेतले होते. “ताणू नको,” तो म्हणाला होता, “ढिलेच राहू देत. भार जॅकवरच पायजे. दोर नुसता राखणीला.” पुढच्या चाकाला दोन्हीकडून दगड लावले होते. जॅक इंजिनाच्या जरा मागे, म्हणजे मागचं चाक उचलेल आणि पुढचं जमिनीला टेकून राहील. दोन माणसांचं काम होतं ते. एकाने दांडी फिरवायची, दुसऱ्याने मुठी धरून गाडी सरळ ठेवायची. बाकी कुणाचंच काम नव्हतं. ते बाकी सगळे पडवीच्या पायरीपासून पोफळीच्या वाफ्यापर्यंत उभे होते.

“ऐका,” जैनुद्दीन म्हणाला. “कुणी हात लावायचा न्हाय. तुळशीराम मुठी धरील, मी दांडी फिरवीन. बाकीच्यांनी नुसतं बघायचं.”

“बघायला आलोय काय आम्ही?” मागून एकाने विचारलं. “तमाशा हाय?”

“भार येईल तवा बोलशील, बाबा हात लावा.”

“येणार न्हाय भार. जॅक उचलतो ना.”

“एवढासा जॅक?”

“याच्याच भावानं आमच्या बोटीचं यंत्र उचललंय.”

“बोटीचं यंत्र उचललं तवा तू काय करत होतास?”

“तेल घालत होतो.”

सगळे हसले. नुरूभाई हसले नाहीत. ते पायरीवर मधोमध उभे होते, छाती पुढे, पांढरी दाढी नुकतीच विंचरलेली. त्यांच्याकडे वळून जैनुद्दीन जरा खाली आवाजात म्हणाला, “भाई, आज हाक नको.”

“मी कुठं देतोय?” नुरूभाई म्हणाले. त्यांच्या तोंडावर अशी कळा आली, जणू त्यांना कुणी जनाज्याच्या नमाजाला मागच्या रांगेत उभं केलं होतं. “तुझी गाडी. तू म्हणशील तसं.”

तुळशीरामने मुठी धरल्या. माडावर चढणाऱ्या माणसाची पकड ती, त्याच्याबद्दल बानूला काळजी नव्हती. जैनुद्दीन उकिडवा बसला, दोन्ही नळ्या खाचांत बसल्यात का ते बोट फिरवून बघितलं, आणि बिस्मिल्ला म्हणून दांडी फिरवली. सावकाश. थांबला. पुन्हा खाचा बघितल्या. पुन्हा फिरवली. माणसं कंटाळली. वाडीतल्या लोकांना जड वस्तू एका दमात उचललेली आवडते; हे असं पाल चढल्यासारखं चढणं त्यांना बघवत नव्हतं.

“झोपलं का रे ते?”

“आगबोटीला इंग्लंडला जायला वेळ का लागतो ते कळलं आज.”

जैनुद्दीनने मान वर केली नाही. मागचं चाक हलकं झालं, दबलेला टायर फुगल्यासारखा गोल झाला, आणि चाकाच्या नि जमिनीच्या मधे फट दिसली. आधी धाग्याएवढी, मग करंगळीएवढी, मग मनगट जाईल एवढी. त्याने दांडी काढून बाजूला ठेवली. तुळशीरामला हळूच गाडी डोलवून बघायला सांगितली. हलली नाही. मग त्याने डावा हात चाकाखालून पलीकडे घातला, आसाची चाकी, म्हणजे नट, सैल करायला.

बानूचं लक्ष चाकाकडे नव्हतं. ती नुरूभाईंकडे बघत होती. त्यांची नजर त्या फटीवर खिळली होती. जड वस्तू जमीन सोडते ती घटका. त्या घटकेसाठीच तर ते जन्माला आले होते. त्यांच्या नाकपुड्या फुलल्या, छाती भरायला लागली. हा श्वास बानू लहानपणापासून ओळखत होती. राजपुरीच्या किनाऱ्यावर तिच्या बापाच्या मचव्यापुढे उभा राहणारा तांडेल हाच श्वास घ्यायचा.

“हात काढा!” ती ओरडली.

लग्नाला एवढी वर्षं झाली, जैनुद्दीनने बायकोचं पहिल्या शब्दाला कधी ऐकलं नव्हतं. आज ऐकलं. त्याने हात खेचला, त्याच क्षणी “हैऽऽऽ ला!” झालं, आणि पायरीवरचे, वाफ्यातले, सुपारीपलीकडचे सगळे खांदे पुढे आले. कुणाचा हात मागच्या चाकाला लागला, कुणाचा बैठकीला, कुणाचा तुळशीरामच्या पाठीला. पुढच्या चाकापुढचा दगड सुटला. गाडी उचलली गेली, पुढे ढकलली गेली, नळ्या खाचांतून निघाल्या, जॅक आडवा पडून गडगडत गेला आणि मागचं चाक दाणकन जिथं आत्ता हात होता तिथं बसलं. गाडी कलली. दोर ताणले. तुळई करकरली, वरची दोनतीन कौलं सुटून खाली फुटली, आणि तीन खंडांत हिंडून आलेली ती गाडी पडवीत कुर्बानीच्या बोकडासारखी दोरावर लटकत राहिली.

सगळेच एकदम बोलले.

“धरली! धरली बघ!”

“आमी नसतो तर पडलीच होती.”

“जैनू, तू वाचलास. एवढे हात होते म्हणून वाचलास.”

“त्या दोरानं घोटाळा केला. दोर नसता तर सरळ वर गेली असती.”

“व्हय, दोरानंच ओढली.”

नुरूभाई खाली उतरून आले आणि त्यांनी जैनुद्दीनच्या खांद्यावर हात ठेवला. “बघ. तू म्हणत होतास हाक नको. हाक नसती तर आज काय झालं असतं?”

जैनुद्दीन आपल्या डाव्या हाताकडे बघत होता. तो हात त्याने उघडला, मिटला. मग तो जे म्हणाला ते ऐकून बानूला वाटलं, आपणच जाऊन त्या चाकाखाली डोकं ठेवावं.

“खरं हाय, भाई,” तो म्हणाला. “बसा. चहा झालाय.”

तिने चहा दिला. सुगराबूबूच्या हातून पाठवला, आणि कप पुरले नाहीत म्हणून वाट्यांतून पाठवला. आत बसून ती फुटक्या कौलांचे तुकडे सुपलीत भरत होती आणि बाहेर सगळे मिळून आजचा प्रसंग पुन्हा पुन्हा सांगत होते. दर खेपेला गाडी जास्त उंच जात होती आणि हात जास्त लागत होते. शेवटी तुळशीराम तेवढा दाराशी आला. “भाबी,” तो म्हणाला, “माझ्या पाठीत कुणीतरी ढकललं. मी सोडली नव्हती.”

“ठाऊक हाय मला.”

“बरं झालं तुम्ही ओरडलात.”

“हे बाहेर जाऊन सांगा की.”

तुळशीरामने बाहेर बघितलं, आत बघितलं. “त्यांना कसं सांगायचं?” म्हणाला, आणि वाटी ठेवून गेला.

ऊन कलल्यावर माणसं पांगली. दोरावरची गाडी हळूच खाली घेऊन भिंतीला टेकवली, हेही सगळ्यांनी मिळूनच केलं, आणि जाताना एकाने बजावलं, “उद्या पुन्हा लावशील जॅक तर आवाज दे. न्हायतर आमी येतोच म्हणा.”

घरात तिघंच उरली. जैनुद्दीन पडवीत बसून जॅकच्या दांडीवरची माती पुसत होता. बानू सुपली घेऊन त्याच्यासमोर आली.

“राजपुरीला माझा भाऊ मोहम्मद मचव्याखाली होता,” ती म्हणाली. हे त्याला ठाऊक होतं. मोहम्मद गेला तेव्हा जैनुद्दीन कुठल्याशा बंदरात होता, आणि त्यानंतर घरात हा विषय पुरा कधी कुणी काढला नव्हता. “फळीच्या सांध्यात राळ भरत होता. मचवा टेकूवर होता. एका बाजूचा टेकू बदलायचा म्हणून माणसं जमली. मोहम्मद खाली हाय हे तांडेलालासुद्धा ठाऊक होतं. त्यानं बघितलं होतं त्याला. पण मचवा जरा हलला आणि त्याच्या तोंडातून हाक गेली.”

“बानू—”

“जनाजा उचलायलाही तेच सगळे हात आले. एकही कमी न्हवता. चांगली माणसं होती ती. रडत होती. मी तवा नवी नवरी होते आणि मला कळत न्हवतं रागवायचं कुणावर. अजून कळत न्हाय.”

सुगराबूबूचा अडकित्ता थांबला होता.

“त्यांचा जीव हाय तुझ्या नवऱ्यावर,” ती म्हणाली.

“हाय ना. म्हणूनच तर.” बानूने सुपली खाली ठेवली. “बूबू, वीस वर्षं हा माणूस कुठं हाय, जिता हाय का, हे मी झाडावरच्या भंडाऱ्याला सांगत आले. आता घरी आला तो अख्खा आला. दोन हात, दोन पाय, मी मोजून घेतलेत. त्यातलं एकही बोट मी वाडीला द्यायची न्हाय.”

जैनुद्दीन म्हणाला, “मग गाडी विकून टाकू.” म्हणाला खरा, पण दांडीवरचं फडकं थांबलं होतं.

“विका म्हणून कोण म्हणालं?” ती फिसकारली. “गाडीनं काय केलंय? गाडी तर गप उभी हाय. तुमच्या तोंडातनं ‘न्हाय’ निघत न्हाय, ते विका कुठं विकलं जात असेल तर.”

“अगं, मी नुरूभाईला काय सांगू? बापाच्या जागी हाय मला. हाकेचा मान त्याचा. आणि मचवा—”

“मचवा, मचवा. मघाच तुमच्या हातावर मचवा पडला असता तर?”

“आपला मचवा शाकारला न्हाय तर पहिल्या वादळात फुटंल,” सुगराबूबू म्हणाली. आवाज आता भांडणाचा नव्हता. “आपली सुपारी त्याच्यावरच मुंबईला जाते, बानू. मग सुपारी न्यायची कशावरून?”

बानूने दोघांकडे बघितलं. हे तिला ठाऊक नव्हतं असं थोडंच होतं? बाग तिने राखली होती, सुपारी तिने सोलली होती, मचव्याची फळीन् फळी कुठं बदलली ते या दोघांपेक्षा तिला जास्त ठाऊक होतं. ती उठली, जॅकची दांडी नवऱ्याच्या हातातून घेतली आणि बाहेर नेऊन टाकायच्या ऐवजी जॅकच्या भोकात घालून एकदा फिरवून बघितली. फिरली. वाटली होती तितकी जड नव्हती. जात्याच्या खुंट्याएवढाच जोर.

मग तिने पदर नीट केला आणि सांगितलं:

“उद्या सकाळी गाडी आपण तिघं उचलणार. दांडी मी फिरवणार, मुठी हे धरतील, बूबू दोर बघतील, आणि चाकाखाली हात कुणी घालायचा न्हाय. लांब पान्यानं काय काढायचं ते काढा. फाटकाला आतून कडी असेल. कुणी आलं तर कडी उघडायची न्हाय, नुरूभाई आले तरी न्हाय. त्यांना मी आता जाऊन तसं सांगून येते. मचव्याला कुणी आलं न्हाय, तर यंदा मचवा पाण्यातच राहील.”